लालसूच्या बाजूची खुर्ची

खुशाल रामटेके कुठेही उभा राहिला की आधी बोट ओलं करून वर धरायचा. एस.टी. स्टँडवरही. वारा कुठून आहे ते कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

कागद हातात आला की तो खालच्या ओळीपासून वर वाचत जायचा.

जेवायच्या आधी हात तीनदा धुवायचा, हुंगायचा, मग पुन्हा एकदा धुवायचा. कामावरून आल्यावर सदरा बाहेरच्या कडुनिंबाला टांगायचा. त्याच्या बायकोनं, सीतावहिनींनी, तो सदरा घरातल्या कपड्यांत कधी धुतला नाही.

चालताना पावलं मोजायचा. पंधरा झाली की क्षणभर थांबायचा.

आणि तो कुणाच्या समोर बसत नसे. बाजूला बसायचा. चहाच्या हॉटेलातसुद्धा. त्याच्याशी बोलायचं तर मान वळवावी लागे. तो गेला त्याला सहा आठवडे झाले. हॉटेलात बसलो की माझी मान अजून डावीकडे वळते.

वरोऱ्याकडे विमान म्हटलं की लोकांना वास आठवतो. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध फवारणारी ती छोटी विमानं. ऑगस्ट ते ऑक्टोबर एक खाजगी विमान कंपनी चिमूर रोडच्या बाजूला, पडीक माळावर तंबू ठोकायची. वैमानिक आणि मेकॅनिक मुंबईहून यायचे. बाकीचे चाळीस जण इथले. औषध कालवणारे, टाकी भरणारे आणि झेंडीवाले.

झेंडीवाला बांबूला पांढरं फडकं बांधून शेताच्या टोकाला उभा राहतो. वैमानिक ती झेंडी नाकासमोर धरून अगदी खालून येतो. विमान जवळ आलं की बाजूला व्हायचं. मग वाऱ्याकडे तोंड करून पंधरा पावलं सरकायचं आणि पुन्हा झेंडी धरायची. वाऱ्याकडे सरकत गेलं तर औषध मागे पडतं. वारा फिरला तर अंगावर येतं. नऊ हंगाम खुशालनं हे काम केलं. नंतर त्याला टाकी भरायला घेतलं.

माझी ओळख अर्जांमुळे झाली. मी एम.ए. मराठी, नोकरी नसलेला. त्याला युनियनचे अर्ज लिहायला चांगलं अक्षर हवं होतं. मी दोन कविता छापून आणल्या होत्या, म्हणून तो मला कवीराज म्हणायचा. मी त्याला खुशालभाऊ म्हणायचो.

युनियनची गोष्ट त्यानंच सांगितली. चैतू नावाचा एक झेंडीवाला होता. त्याचा बांबू मोडला आणि शेताचा एक पट्टा फवारायचा राहिला. त्याला तंबूत बोलावलं. खुशाल बाहेर पाणी भरत होता. आत साहेब हळू आवाजात बोलत होते आणि चैतू "हाव साहेब, हाव साहेब" म्हणून होकार देत होता. चैतू हसतच बाहेर आला. अंगठ्याला शाई होती.

"लई मायेनं बोलले साहेब," तो म्हणाला. "काई नाई होत म्हनले."

कागदावर लिहिलं होतं की बांबू त्यानं मुद्दाम मोडला. दुसऱ्या दिवशी त्याला माळावर येऊ दिलं नाही.

"साहेब वाईट नोयता, कवीराज," खुशाल मला म्हणाला. "चैतू एकटा होता. एकट्या मानसापासून कोनीई हाव म्हनवून घेते."

तो नागपूरला गेला. तिथल्या विमानतळावर सामान चढवणाऱ्यांची आणि झाडू मारणाऱ्यांची युनियन होती. हा त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणाला, आमच्याकडे बी विमानंच हायेत. ते आधी हसले. मग त्यांनी माळावरच्या चाळीस जणांची नावं लिहून घेतली. दोन वर्षं पत्रं गेली. कंपनीनं एकच गोष्ट मान्य केली. साबण नाही, तोंडाला बांधायला फडकं नाही. कुणाची चौकशी लागली तर त्याच्या बाजूला माळावरचाच एक कामगार बसेल आणि प्रश्न विचारू शकेल.

इसरू म्हणून टाकी भरणारा दुसरा गडी होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दोन साल भांडला अन् आनलं काय? खुर्ची! घरी देल्ली असती त माही बायको तरी बसली असती."

"बस म्हना तिले," खुशाल म्हणाला. "पन तुही चौकशी लागली का मले बलावजो."

पुढच्याच हंगामात इसरूची चौकशी लागली. खुशाल बसला. इसरू कामावर राहिला.

त्या खुर्चीवर तो खुर्ची वीतभर मागे घेऊन बसायचा आणि एक हात कामगाराच्या पाठीवर ठेवायचा. हात नुसता असला तर बोल. दाबला तर गप्प. समोरच्या साहेबाला तो हात दिसत नसे. तीन हंगामांत अकरा चौकशा झाल्या. नऊ जण कामावर राहिले. खुर्चीला आता कुणी हसेना.

लालसू पुंगाटी बारावा.

तो माडिया आदिवासी, गडचिरोलीच्या नव्या जिल्ह्यातला, एटापल्लीच्याही पलीकडचा. लाकडाच्या ट्रकबरोबर वरोऱ्याला आला आणि राहिला. मराठी तुटकं बोलायचा. झेंडी मात्र सरळ धरायचा. वैमानिक त्याचंच नाव सांगून त्याला मागून घ्यायचे.

सप्टेंबरमधल्या एका सकाळी वारा फिरला. तिसऱ्या पट्ट्याला लालसू भिजला. सहाव्या पट्ट्याला तो पडला आणि झेंडी पडली. वैमानिकाला झेंडी दिसली नाही. विमान बांधावरच्या पळसाला घासलं आणि पऱ्हाटीत उतरलं. वैमानिकाच्या खांद्याचं हाड मोडलं. सगळे विमानाकडे धावले. खुशाल झेंडी पडली होती तिकडे धावला.

लालसूच्या तोंडाला फेस होता. अंग घामानं चिंब होतं. खुशालनं त्याची पापणी वर केली. डोळ्यातली काळी बाहुली मोहरीएवढी झाली होती. औषध अंगात भिनलं की तसं होतं, दारूनं होत नाही, हे त्याला एका डॉक्टरांनी पूर्वी सांगितलं होतं. हे पाहणारा तो एकटाच. कंपनीचा जीपवाला पत्रू नंतर पोचला आणि लालसूला दवाखान्यात घेऊन गेला.

लालसू वाचला. आठव्या दिवशी त्याला कंपनीचा कागद मिळाला. कामाच्या वेळी दारू पिऊन शेतात झोपला, त्यामुळे विमान पडलं. चौकशीत सिद्ध झालं तर नोकरी जाणार आणि पोलिसात तक्रार होणार.

"मी नाई पेलो," लालसू म्हणायचा. भेटेल त्याला, रोज सकाळी. "मी नाई पेलो."

पहिल्या दिवशी चौकशीचे साहेब खुशालला म्हणाले, "तुम्ही त्याच्या बाजूला बसा किंवा साक्ष द्या. दोन्ही चालणार नाही."

संध्याकाळी तो हॉटेलात आला. बाजूला बसला. चहा निवला तरी पिईना.

"पाह्यलं मी. त बोलाले बी मीच पायजे. पन मी उठलो का लालसूच्या बाजूले कोन?"

"इसरू बसेल की."

"बसन. पन लालसूले हाव म्हनाची सवय हाय. पँट दिसली का हाव म्हनते. त्याले थांबवाले हात पायजे."

आम्ही लालसूच्या खोपटावर गेलो. खुशालनं त्याला दोन्ही गोष्टी सावकाश सांगितल्या. लालसूनं फार विचार केला नाही.

"तू बस," तो म्हणाला.

नागपूरच्या युनियनच्या वकिलांनी वाट काढली. कंपनीच्या साक्षीदारांची उलटतपासणी खुशालनं करायची. मग शेवटच्या दिवशी त्यानं खुर्ची सोडायची, इसरूनं बसायचं आणि खुशालनं आपली साक्ष लेखी द्यायची. साहेबांनी ते मान्य केलं. सहीनिशी आणा म्हणाले. तारीख दिली बारा ऑक्टोबर, शुक्रवार.

कंपनीचा साक्षीदार म्हणून पत्रू आला त्या दिवशी मी तंबूच्या बाहेर बसलो होतो. कापडातून सगळं ऐकू येत होतं.

"पत्रूभाऊ, वास आला म्हनता. कायचा?"

"दारूचा."

"मोहाची का दुकानातली?"

"मोहाची."

"कपडे ओले होते का त्याचे?"

"होते."

"मोहानं?"

कुणीतरी हसलं. पत्रू चिडला. "मले काय मालूम! मी काय पिळून पाह्यले?"

"त्या दिवशी जीपची शीट तुम्ही तीन डाव धुतली. मोह सांडला म्हून?"

साहेबांनी लिहून घेतलं, साक्षीदार गप्प.

बाहेर आल्यावर पत्रू त्याच्या मागे आला. "खुशालभाऊ, मले बी लेकरं हायेत गा."

"म्हून त इचारलं नाई," खुशाल म्हणाला, "तुले हे कोनं शिकवलं म्हून."

आता त्याची स्वतःची साक्ष तेवढी राहिली. मी एक मसुदा लिहून नेला. त्यात 'त्या अभागी प्रभाती' असं होतं. त्यानं तो नेहमीसारखा खालून वर वाचला आणि हसला.

"कवीराज, हे वाचून साहेब म्हनन, हे खुशालचं नोय. माह्या हातानं लिहितो मी." त्यानं कागद परत दिला. "तू फकस्त रविवारी येऊन बस. बाजूले."

रविवारी मी नागपूरला होतो. एका कॉलेजात मुलाखत होती. नोकरी मिळाली नाही.

मंगळवारी सकाळी टाकी भरताना पाइपाचं तोंड निसटलं. औषध जोरात खुशालच्या तोंडावर आणि छातीवर आलं. पाण्याचा टँकर त्या दिवशी आला नव्हता. इसरूनं त्याला मातीनं आणि स्वतःच्या धोतरानं पुसलं. पत्रूनं जीप पळवली. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरानं तो गेला.

पत्रू दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. मी पोचलो तेव्हा तो उठला नाही.

"पाह्यली मी," तो म्हणाला. "खुशालभाऊची पापनी वर करून पाह्यली. मोहरीएवढी होती गा."

"हे शुक्रवारी सांगशील?"

शुक्रवारी माळावर जीप नव्हती, पत्रूही नव्हता.

कंपनीच्या माणसानं सीतावहिनींसमोर एक कागद ठेवला. मरणाचं कारण हृदयविकार लिहिलं होतं. अंगठा मागितला. वहिनींनी पदर तोंडावरून काढला.

"माह्या बाजूले कोन बसन?" त्या म्हणाल्या. "कोनी बसल्याबिगर मी अंगठा देत नाई."

त्या कागदावर अजून अंगठा नाही. नागपूरहून युनियनचा माणूस येणार आहे.

शुक्रवारी इसरू खुर्चीवर बसला. त्यानं खुर्ची वीतभर मागे घेतली. लालसूच्या पाठीवर हात ठेवला. खुशालनं वहीत लिहिलेल्या साक्षीचा कागद त्यानं साहेबांना दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला. ते सभ्य माणूस होते.

"हे अर्धं आहे," ते म्हणाले. "सही नाही. मला हे घेता येणार नाही."

कागद परत आला. मग त्यांनी लालसूकडे पाहिलं.

"त्या दिवशी तुम्ही पडला होतात?"

"हाव."

"झेंडी हातातून सुटली?"

"हाव."

"तोंडाला वास येत होता, असं पत्रू म्हणतो. येत होता?"

मी बाहेर होतो.

"हाव साहेब," लालसू म्हणाला.

इसरूनं हात दाबला तो त्यानंतर. दोन आठवड्यांनी हुकूम आला. लालसूला काढलं. पोलिसांची तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवसापासून लालसू कुणालाच काही सांगत नाही.

इसरू मला भेटला की तेच बोलतो. "हात ठेवला होता गा मी. दाबाचं ध्यानात येईपावतर त्यानं म्हनून टाकलं."

ती वही, तो कागद आत ठेवून, सीतावहिनींनी माझ्याकडे दिली आहे. शिसपेन्सिलीनं लिहिलेलं अर्धं पान. रविवारची तारीख आहे.

"मी खुशाल दशरथ रामटेके, धंदा विमानात औषध भरणे, खरे सांगतो. त्या दिवशी वारा आधी चिमूरकडून होता. मी बोट ओले करून पाहिले. मग तो फिरला. लालसूची झेंडी पडली म्हणून मी धावलो. इतर लोक विमानाकडे गेले. लालसूच्या तोंडाला फेस होता. मी त्याला मांडीवर घेतले आणि त्याच्या डोळ्याची पापणी वर केली तर"