पास होऊन नापास

मॅट्रिकचा निकाल तेव्हा वर्तमानपत्रात यायचा, आणि त्यात नुसते नंबर असायचे. माझा नंबर होता. दादाचा नव्हता. तो माझ्याहून मोठा, पण मधे एकदा गटांगळी खाल्ल्यामुळे आम्ही भाऊ-बहीण एकाच वर्षी परीक्षेला बसलो होतो.

अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, नंबरांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. मग पेपरची घडी घालून ती गादीखाली सरकवली आणि म्हणाले, "कुणी विचारलं तर सांगायचं, दोघंही नापास झाली."

आई शेगडीपाशी होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"त्याचं तोंड बघ जरा," अण्णा मला म्हणाले. "बहीण पास नि भाऊ नापास! चाळीत कसा वावरेल तो? एक वर्ष थांब. तो पास झाला की दोघं बरोबर कॉलेजात जा."

मला कॉलेजात जायचं होतं. दुसरं काहीच नको होतं. म्हणून मी "बरं" म्हटलं.

घाटकोपरच्या आमच्या चाळीत मेलं दुसरं काही मिळो न मिळो, सांत्वन भरपूर मिळायचं. शेजारच्या मालवणी काकू हातातलं काम टाकून आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडा नको गो. चेडवाक मॅट्रिक होवन काय करूचा आसा?" मी रडत नव्हते. पण पोरीला मॅट्रिक होऊन करायचंय काय, हे त्या इतक्या मायेने समजावत होत्या, की मान खाली घालून बसणं भाग होतं. दादाला मात्र कुणी काही बोललं नाही. पुरुषमाणसाला लागतं म्हणे मनाला.

वर्षभर मी त्याचा अभ्यास घेतला. पोरगा वाईट नव्हता. बीजगणित काढलं की जांभया द्यायचा, एवढंच.

"अरे, हे कालच केलं ना आपण?"

"तूच कर ना गं, तुला येतंय तर."

नळावर बायका विचारायच्या, ही नाही का बसत यंदा? आई बादली उचलता उचलता सांगायची, "तिला नाही झेपत." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार लागलं. पुढे पुढे काहीच वाटेना. कधी कधी तर मलाही वाटायचं, खरंच झेपलं नसेल.

दादा पास झाला, काठावर का होईना. पेढे आले आणि मीच ते घरोघर वाटले. परत आले तेव्हा अण्णा खुशीत होते, म्हणून लगेच विचारलं, "अण्णा, मग आता कॉलेजचं?"

ते रागावले नाहीत. उलट खरोखरच पेचात पडले. "अगं, पण आता कसं? साऱ्या चाळीला ठाऊक आहे तू नापास म्हणून. नापास मुलगी कॉलेजात कशी गेली, काय सांगू लोकांना?"

दादा खिडकीतून खाली बघत राहिला. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी रिकामी ताटली धुवायला घेतली.

पुढच्या वर्षी मला बघायला पाहुणे आले. अण्णा अजिबात न अडखळता म्हणाले, "मुलगी मॅट्रिक नापास आहे, पण घरकामात हुशार." आपण खोटं बोलतोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मुलाच्या आईने माझ्याकडे वळून विचारलं, "नापास का गं झालीस?"

"गणित राहिलं," मी म्हटलं.