शुक्रवारची लाइन

चांगुणा रोकडेला कॉम्प्युटर येतो असं कुणी सांगितलं असतं, तर कॅम्प चारच्या त्या गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. सातवीपर्यंत शिकलेली बाई. जीन्सच्या कारखान्यातून गठ्ठे आणायचे आणि घरी बसून पॅंटींचे लोंबते दोरे कापायचे, हे तिचं काम. हातात छोटी कात्री, मांडीवर कापडाचा ढीग, आणि बोटं कायमची निळी. पण येत होता हो तिला कॉम्प्युटर. आणि तोही नवऱ्याला ताकास तूर लागू न देता.

कॉम्प्युटर होता यशोधराचा. एकुलती एक पोरगी, कोर्स करते म्हणून बापाने हौसेने घेऊन दिला. सोमा रोकडे म्हणजे कंपनीत टाइमकीपर म्हणून जन्म काढलेला माणूस, शब्दाचा पक्का आणि रागाचा त्याहून पक्का. बुद्धाच्या फोटोखाली त्याने टेबल मांडलं आणि पोरीच्या आधी उठून तो डबा रोज फडक्याने पुसायचा. मग दोन हजार दोन साली त्याच पोरीने ऑफिसातल्या मुलाशी कोर्टात जाऊन लग्न लावलं. मुलगा वाईट नव्हता. वाईट एवढंच झालं की सोमाने अंबरनाथच्या एका घरी शब्द देऊन ठेवला होता, आणि ती माणसं पेढे घेऊन दारात आली तेव्हा घरात पोरगीच नव्हती. चारचौघांत नाक कापलं गेलं. "तिचं नाव या घरात काढायचं नाही," सोमा म्हणाला आणि कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकून मोकळा झाला.

पोरगी नवऱ्याबरोबर मस्कतला गेली. तिथून तिने एकदाच फोन केला. सोमाने उचलला, "बाबा" एवढं ऐकलं आणि रिसीव्हर खाली ठेवला. पोरगीही त्याचीच. पुन्हा म्हणून फोन केला नाही.

आता या दोघांच्या हट्टात आईचं काय व्हायचं? पण यशूने जाण्याआधी आईला एक गोष्ट शिकवून ठेवली होती. हे बटण दाबायचं, मग हे चित्र, मग डायल. डबा किंचाळतो, त्याला भ्यायचं नाही. तो गप्प झाला की यादीत माझं नाव बघायचं. नावापुढचा चेहरा पिवळा झाला की मी आले. "आई, तुझं एकटीचं काहीतरी असू दे," असंही म्हणाली होती ती.

चांगुणेने एका शुक्रवारी दुपारी चादर काढली. शुक्रवारी तिकडे सुट्टी, हेही पोरीनेच सांगून ठेवलेलं. यशू तिकडे आपल्या खोलीखालच्या सायबर कॅफेत येऊन बसायची. सोमा जेवून आतल्या खोलीत आडवा झालेला. त्याने आतून विचारलं, "कसला आवाज?" ही म्हणाली, "पत्ते खेळते कॉम्प्युटरवर. तापला की ओरडतो तो." सोमा हं म्हणाला. मराठी बोलणं इंग्रजी अक्षरांत, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. 'कशी आहेस' लिहायला इतका वेळ लागायचा की तिकडून 'आई, झोपलीस का' असं यायचं. चांगुणा एकटीच हसायची. पोटुशी असल्याचं पोरीने असंच कळवलं. त्या दिवशी चांगुणेने एका पॅंटीचे दोरे कापता कापता खिसाच कापला.

मग एकदा फोन मेला. उंदराने वायर कुरतडली होती. लाइनमन दौलतराव आले, जोडून दिली. घरात एकाच लाइनीवर दोन फोन होते, एक बाहेर कॉम्प्युटरजवळ आणि एक आत सोमाच्या उशाशी, गुडघे धरले की उठायला नको म्हणून. दौलतरावांनी चांगुणेला शिकवलं, "वहिनी, लाइन जिवंत आहे का बघायची तर रिसीव्हर उचलून कानाला लावा. टूं वाजलं की जिवंत." सोमा बाजूला उभा होता. त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे नेट म्हणतात ते पण याच वायरीतून जातं का?"

"याच वायरीतून सोमाभाऊ. तिकडचं सगळं याच्यातूनच येतं, दुसरीकडून कुठून येणार?"

सोमा मान हलवून आत गेला.

आणि त्यानंतरच्या शुक्रवारपासून चांगुणेचे हाल सुरू झाले. डबा किंचाळायचा, गप्प व्हायचा, चेहरा पिवळा व्हायचा, पोरगी 'आई' म्हणायची, चांगुणा बोट उचलायची, आणि लाइन तुटायची. पुन्हा डायल केलं तर लागायचीच नाही. अर्धा तास खटपट करून लागली की दोन वाक्यं व्हायची आणि पुन्हा तुटायची. तोवर यशूचा वेळ संपून ती उठून गेलेली असायची.

दौलतरावांना पुन्हा बोलावलं. त्यांनी सकाळी येऊन लाइन तपासली. "लाइन एकदम क्लिअर आहे वहिनी. प्रॉब्लेम तुमच्या डब्यात." नाक्यावरच्या दुकानातून सनीला बोलावलं. तो पोरगा दहा मिनिटं नेट चालू ठेवून बसला, काही तुटलं नाही. "काकी, प्रॉब्लेम लाइनीत असणार. आतला फोन कोणी उचलत तर नाही ना?"

"कोण उचलणार? हे झोपलेले असतात."

"मग फॉरमॅट मारू या."

त्या काळात कॉम्प्युटरला काहीही झालं तरी एकच औषध असायचं. मारला फॉरमॅट. पोरीने आजवर लिहिलेलं जे जे चांगुणा एरवी दुपारी उघडून पुन्हा पुन्हा वाचायची, ते सगळं धुऊन गेलं. एवढं करून शुक्रवारी लाइन तुटायची ती तुटलीच.

चांगुणेने हात टेकले. फोनची वायर लागते त्या मोडेमखालची धूळ पुसली, वायरींच्या टोकांवर फुंकर मारली, टेबल भिंतीपासून ओढून पाहिलं. मंगळवारी लावलं तर चालतं, बुधवारी चालतं. सोमा नाक्यावर गेलेला असला तर तासभर चालतं, पण तेव्हा यादीत यशूचा चेहरा राखाडी. नवस-सायास मानणारी बाई नव्हती ती, पण मनात यायला लागलं की या घरालाच पोरगी नको झालीय. तिचं नाव आलं की घरच वायर सोडून देतं. बसल्या जागी डोळे भरायचे आणि निळ्या बोटांनी पुसले की गालांवर निळे फराटे उठायचे. सोमा बघायचा आणि काही विचारायचा नाही. त्याचं हे न विचारणं तिला फार लागायचं.

पोरीला आठवा संपून नववा लागला. त्या शुक्रवारी चेहरा पिवळा झाला आणि यशूने एका दमात लिहिलं, 'आई, पाय फार सुजलेत. तोंडपण. दोन दिवस डोकं ठणकतंय. आता समोरचं अंधुक दिसतं. हे साइटवर आहेत, रविवारी येतील. रविवारपर्यंत थांबू ना?'

चांगुणेच्या तोंडचं पाणी पळालं. तिची थोरली बहीण रखमा बदलापूर गावात अशीच गेली होती. पाय सुजले, डोकं दुखलं, दिसेना झालं, मग झटके आले आणि बाळासकट गेली. घरच्यांनी तेव्हा म्हटलं होतं, सकाळपर्यंत बघू. चांगुणेने बोट उचललं. 'थांबू नको' लिहायचं होतं. टी सापडला, एच सापडला, ए सापडला, आणि पडद्यावर खाली कोपऱ्यात जोडणी तुटल्याची पाटी आली.

तिने पुन्हा डायल केलं. डबा मुकाच. पुन्हा केलं. पोरीच्या खोलीत फोन नाही, जावयाचा मोबाइल जावयाबरोबर, आणि त्याचा नंबर मागून घ्यायची अक्कल आपल्याला कधी झाली नाही. आता यशू उठेल, अंधुक डोळ्यांनी जिना चढेल, खोलीचं दार लावून घेईल. आणि रविवारची वाट बघेल. चांगुणेला काही सुचेना. मग दौलतरावांचं आठवलं. लाइन जिवंत आहे का बघायचं. तिने बाहेरचा रिसीव्हर उचलून कानाला लावला.

टूं नव्हतं. नुसती खरखर, आणि खरखरीत कुणाचा तरी श्वास.

म्हणजे हेच. हेच तोडत होते इतके दिवस. डोक्यात अशी तिडीक गेली की आत जाऊन फोन भिंतीवर आपटावा असं तिला झालं. तेवढ्यात तो श्वास बोलला. हळू, घसा खाकरून, कुणी ऐकू नये अशा आवाजात.

"यशू. यशू, बोल की. मी आहे."

चांगुणेने रिसीव्हर कानाला घट्ट दाबला. मग पुन्हा, "आईशी बोलतेस ना? तसंच बोल. मी नुसता ऐकतो."

त्याला वाटलं होतं तिकडचं सगळं याच वायरीतून येतं तर पोरीचा आवाजही येत असेल. म्हणून दर शुक्रवारी डबा गप्प झाला की मायलेकींना बोलायला लागायचा अवधी देऊन हा माणूस हळूच रिसीव्हर उचलत होता आणि खरखर कानाला लावून पडून राहत होता. उचलला की लाइन तुटते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि त्याने विचारायचं तरी कुणाला?

चांगुणेला रडू फुटत होतं, पण रडायला वेळ नव्हता. ती रिसीव्हरमध्येच म्हणाली, "ठेवा तो फोन. अहो ठेवा, पोरगी मरेल तिकडे."

आत खट्ट झालं. सोमा दारात आला, चेहरा पांढराफटक. चांगुणा डायल करत होती. डबा किंचाळायला लागला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पत्ते खेळताना एकटं कोण हसतं," तो म्हणाला. मग विचारलं, "काय झालंय तिला?"

"रखमाला झालं होतं ते."

लाइन लागली. चेहरा पिवळाच होता. यशू उठली नव्हती. खाली ओळीवर ओळ होती, 'आई आहेस का', 'आई', 'आई गं'. चांगुणा अक्षरं शोधायला लागली, तसा सोमा म्हणाला, "सरक." टाइमकीपरने आयुष्यभर हजेऱ्या टाइप केल्या होत्या. चांगुणा सांगत गेली आणि तो बडवत गेला. थांबू नकोस. आत्ता जा. कॅफेवाल्याला सांग, टॅक्सी बोलाव, रखमामावशी अशीच गेली, एक मिनिट थांबू नकोस.

पलीकडून आलं, 'आई, तू एवढं भरभर कधीपासून लिहायला लागलीस?'

सोमाची बोटं थांबली. चांगुणा म्हणाली, "लिहा की." त्याने की-बोर्ड तिच्याकडे सरकवला. शेवटी तिनेच वाकून एका बोटाने टाइप केलं, 'बाबा आहेत.'

'जाते,' यशूने लिहिलं. 'यांना कळवते. हे आले की यांच्या मोबाइलवरून फोन करते. नेट बंद ठेव.' आणि चेहरा राखाडी झाला.

नेट बंद केलं. मोडेमची वायरच काढून ठेवली. दोघं बाहेरच्या फोनसमोर जमिनीवर बसले. ऊन भिंतीवरून सरकत गेलं, गल्लीतल्या शिलाई मशीनी थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. चहाचं नाव कुणी काढलं नाही. मध्येच सोमाने रिसीव्हरला हात घातला. "लाइन जिवंत आहे का बघतो."

"उचलू नका," चांगुणा ओरडली. "तिचा येत असेल तर एंगेज लागेल." सोमाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. दिवेलागण झाली तरी तो तसाच बसला होता.

फोन वाजला तेव्हा त्याने आधी बायकोकडे पाहिलं. "आता उचला," ती म्हणाली आणि कान त्याच्या कानाला भिडवून बसली.

"हॅलो? आई? ठेवून घेतलंय गं मला. बीपी खूप चढलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, रविवारपर्यंत थांबला असतात तर आई-बाळ दोघांतलं कुणीच वाचलं नसतं. उद्या सकाळी ऑपरेशन करणार आहेत." आवाज थकलेला, पण तिचाच. "हॅलो? आई, ऐकतेयस ना? कोण आहे?"

सोमाचे ओठ हलत होते. मुक्या वायरीशी इतके शुक्रवार बोललेल्या माणसाला आता एक शब्द फुटेना.

"बोला की," चांगुणा म्हणाली.