भिंतीला घातलेले पाणी

लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला कधीच वाटले नाही. आयुष्यभर शाळेत मुलींचे निबंध तपासले, स्वतः मात्र सुटीच्या अर्जापलीकडे काही लिहिले नाही. साठी उलटल्यावर हे धाडस करताना हात अवघडतो आहे. त्यातून सांगायचे आहे ते श्रद्धेच्या प्रांतातले, आणि त्या प्रांतात माझ्याहून कितीतरी अनुभवी माणसे आमच्याच मंडळीत आहेत. त्यांनी आणि वाचकांनीही माझे हे औद्धत्य पोटात घालावे. मला एका भिंतीविषयी सांगायचे आहे, इतकेच.

दौंडला रेल्वेच्या वसाहतीपलीकडे आमचे जुने देऊळ आहे. आता सगळे चर्च म्हणतात. माझे वडील देऊळच म्हणत, आणि माझ्याही तोंडी तेच बसले आहे. काळ्या दगडाच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि आत दुपारीही गारवा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वेदीमागच्या भिंतीची अवस्था वाईट झाली. दगडांमधल्या दरजांतला चुना झडून गेला होता, आणि एका रविवारी प्रार्थना चालू असतानाच मूठभर माती वेदीवरच्या पांढऱ्या वस्त्रावर पडली. मग मंडळीची सभा भरली. ही इमारत पाडून सिमेंटचा नवा हॉल बांधावा, असे बहुतेकांचे मत पडले. त्यांचे काही चुकत नव्हते. त्याच भिंतीलगत रविवारच्या शाळेची लहान मुले बसत असत. पण माझा बाप्तिस्मा तिथे झाला होता, आई-वडिलांच्या शवपेट्या तिथूनच निघाल्या होत्या. सभेत मी कधीही बोलत नसे. त्या दिवशी कशी कोण जाणे उभी राहिले आणि म्हणाले, "एकदा चुन्याने दुरुस्त करून पाहू या का?" एवढे बोलून खाली बसले.

मंडळीच्या पंचांनी एक उन्हाळा दिला. गवंड्यांनी दरजा चुन्याने भराव्यात, पावसाळ्यापूर्वी अभियंत्याने भिंत तपासावी. ती धरली तर देऊळ राहील, न धरली तर पाडायचे. कोणीतरी मागून म्हणाले, "बाईंनी सुचवलंय, तर पाणीही बाईंनीच बघावं." सगळे हसले, आणि ते काम माझ्याकडे आले. नव्या बांधकामावर पाणी मारावे लागते हे सर्वांनाच ठाऊक असते. चुन्यावर तर अधिकच. तो सावकाश वाळावा लागतो, एकदम वाळला तर त्याचा भुगा होतो. गवंडी काम उरकून जाताना बजावून गेले की महिनाभर भिंत ओली राहिली पाहिजे, सकाळ-संध्याकाळ.

आणि त्याच वैशाखात आमच्या आवारातली बोअर आटली. नगरपालिकेचे पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढ्या धारेने. आवारातली सिमेंटची टाकी कोरडी पडली. मी माझ्या घरच्या पाण्यातून बादली भरून नेऊ लागले. एका बादलीत भिंतीचा एक कोपरा भिजे आणि दुसरा भिजवेपर्यंत पहिला पांढरा पडे. मंडळीतल्या कोणाला सांगावे असे रोज वाटे. पण लोकांच्या घरी प्यायच्या पाण्याची ओढ, तिथे भिंतीसाठी पाणी कोणत्या तोंडाने मागायचे? प्रार्थना मात्र करीत होते. आता वाटते, माझ्या प्रार्थनाही वरिष्ठांना लिहिलेल्या अर्जासारख्याच असत: विनयपूर्वक, मुद्देसूद, आणि उत्तर येणार नाही हे गृहीत धरून केलेल्या.

देवळाच्या फाटकासमोरच सार्वजनिक नळ होता. भीमनगरच्या बायका तिथे पाण्याला येत. त्यांतल्या इंदूबाई मला तोंडओळखीने ठाऊक होत्या. त्या रेल्वेच्या दवाखान्यात आया होत्या आणि त्यांचा आवाज फलाटापर्यंत जाई अशी त्यांची ख्याती होती. एके सकाळी त्यांनी मला अडवले.

"काय हो बाई, रोज बादली घिऊन आत जाता. झाड लावलंय का?"

"नाही हो. भिंतीला घालते."

"भितीला?" त्या मोठ्याने हसल्या आणि नळावरच्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का गं? बाई भितीला पाणी घालत्यात. उगवणार हाय आता ती!"

मलाही हसू आले. मग अडखळत सगळे सांगितले: चुना, अभियंता, पावसाळ्यापूर्वीची मुदत, आटलेली बोअर. इंदूबाईंनी ऐकून घेतले, "असं व्हय," एवढेच म्हणाल्या आणि घागर डोक्यावर घेऊन चालू लागल्या. मदत करा, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले.

पुढे दोनच दिवसांत मला ऊन बाधले. ताप चढला, उभे राहवेना. धाकटा भाऊ शिरूरहून आला आणि माझे काही न ऐकता मला घेऊन गेला. नेमके तेव्हाच आमच्या देवळाचे पाळकसाहेब परिषदेसाठी बाहेरगावी होते. पाण्याचे कोणाला सांगायला वेळच मिळाला नाही. शिरूरच्या त्या खोलीत पडल्या पडल्या समोरच्या भिंतीकडे पाहिले की मला आमची भिंत दिसे, आणि दरजांतून चुना पिठासारखा गळताना दिसे. मी बोलले नसते तर बरे झाले असते, असे शंभरदा मनात आले. त्या दिवसांत माझी प्रार्थना हळूहळू लहान होत गेली. आधी सविस्तर विनंत्या होत्या, मग क्षमायाचना, आणि एका दुपारी त्याही संपल्या. "प्रभू, भिंत तुझी आहे. माझ्याच्याने होत नाही," एवढेच उरले. असे म्हणून मी झोपले, आणि त्या आजारपणात प्रथमच गाढ झोपले. त्या झोपेपलीकडे त्या वेळी काही घडले असा माझा दावा नाही.

बरे वाटल्यावर मी एसटीने दौंडला परतले आणि घरी न जाता पिशवी घेऊनच देवळाकडे गेले. दुपारचे ऊन होते. देवळाच्या मागे वळताना मी मनाची तयारी केली. भिंत काळीभोर दिसत होती. पायापासून डोक्याच्या वरपर्यंत ओली, आणि कोणी बांबूला गोणपाट बांधून वरच्या दरजाही भिजवलेल्या. दरजेवर नख ओढून पाहिले. चुना घट्ट होता. आणि मधल्या एका दगडावर, हाताच्या उंचीवर, हळदी-कुंकवाची दोन ठसठशीत बोटे!

मी तशीच उभी असताना इंदूबाई घागर घेऊन आल्या.

"आलात व्हय? किती वाळलाय तुम्ही बाई. भितीपरीस तुमालाच पाणी मारायला पाहिजे."

मग त्यांनी सांगितले ते त्यांच्याच भाषेत सांगायला हवे, पण मला ते साधणार नाही. मी दिसले नाही तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी जाता जाता अर्धी घागर भिंतीवर ओतली. मागच्या बाईने पाहिले, तिने ओतले. मग तो शिरस्ताच पडला. नळावरून निघाले की आत वळायचे, भिंतीचा वाटा द्यायचा आणि घरी जायचे. मी म्हणाले, "अहो, पण तुमच्याच घरी पाणी पुरत नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिले. "पानी अडवल्यावर कसं वाटतं ते आमच्या आज्या-पणज्यांनी सोसलंय, बाई. आमी न्हाई अडवायचो. भितीचंबी न्हाई."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मग मधी चार दिस नळच आला न्हाई," त्या पुढे सांगू लागल्या. "आमच्या घागरी उपड्या. मी म्हनलं, गेली आता बाईंची भित. तर तुमच्या फाटकापुढंच टँकर पंक्चर! कासुर्डीला कुठं लग्नाला पानी टाकून अर्धा भरलेला चालला व्हता. ड्रायव्हर यूपीचा. जॅक लावला तर जॅक उचलंना. मला म्हनतो, 'मौसी, पानी छोडना पडेगा.' मी म्हनलं, रस्त्यावर सोडशील तर बघ! पाइप लाव आन् हितं टाकीत सोड. वरडत वरडत सोडलं बिचाऱ्यानं. टाकी भरली. त्येच पुरवलं आमी नळ येईस्तवर."

"इंदूबाई," मी म्हणाले, "हा तर चमत्कार आहे."

"चमत्कार कसला? खिळा व्हता टायरात. मी सोता बघितला."

आणि ते कुंकू? केंदूरकडची एक म्हातारी लेकीकडे आली होती. धनगराघरची, कपाळभर कुंकू लावणारी. तीही बायकांबरोबर आत आली आणि पाणी ओतून झाल्यावर तिने कनवटीची पुडी सोडली. "मी म्हनलं, मावशी, हितं कुकू लावत न्हाईत. तर मलाच म्हनती, पानी घातलं की कुकू लावायचं असतं, नुसतं पानी घालून माघारी कसं जायचं?"

संध्याकाळी पाळकसाहेब परिषदेहून आले. ती बोटे पाहून ते काय म्हणतील याची मला धास्ती होती. मंडळीत कडक विचारांचे लोक थोडे नव्हते. त्यांनी ओल्या दगडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "राहू द्या. पाणी मारतोच आहोत आपण, धुऊन जाईल तेव्हा जाईल." पुढच्या रविवारी त्यांनी उपासनेनंतर सगळ्या मंडळीला मागे नेले आणि इंदूबाईंनी सांगितलेले जसेच्या तसे सांगितले, खिळ्यासकट. त्यानंतर आमच्याही घरांतून कळशा येऊ लागल्या. त्या इतके दिवस का आल्या नव्हत्या, याचे कारण साधे होते. कोणी मागितल्याच नव्हत्या.

पावसाळ्यापूर्वी अभियंता आले. त्यांनी दरजा ठोकून, खरवडून पाहिल्या आणि भिंत चांगली धरली आहे असे पंचांना सांगितले. देऊळ राहिले. आज तिथेच उपासना होते, आणि लहान मुले त्याच भिंतीलगत बसतात. आभारप्रार्थनेला मी इंदूबाईंना बोलवायला गेले. त्या म्हणाल्या, "मी बुद्धाची हाय बाई, मी कशाला आत बसू? पर गाणी मोठ्यानं म्हना, नळापर्यंत आली पाहिजेत." आम्ही म्हटली. मीही म्हटले, आयुष्यात प्रथमच शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

देवाने तो खिळा रस्त्यावर ठेवला का, हे मला ठाऊक नाही, आणि ते ठरवण्याची माझी पात्रताही नाही. एवढे कळले की समर्पण म्हणजे देवापुढे डोके टेकणे असे मी समजत होते. माणसांपुढे हात पसरणे त्यातच येते, हे मला कोणी शिकवले नव्हते. मी जे मागायला लाजले, ते मी अंथरुणाला खिळलेली असताना, न मागता आले. सगळ्यांच्याच बाबतीत ते तसे येईल असे मात्र सांगवत नाही. म्हणून संकोच बाजूला ठेवून विचारते: तुम्ही शेवटची मदत कोणाकडे, आणि कधी मागितली होती?