गफ्फारभाईंच्या नावानं गेलेलं तिसरं पत्र

गफ्फारभाई फिटरइतका संशयी माणूस मारेगावात दुसरा नसेल, आणि हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणतो. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या वर्कशॉपला लागून आहे, मधे फक्त एक पत्रा. अठरा वर्षांत या माणसानं ‘कुठं चाललो’ हे मला एकदाही धड सांगितलेलं नाही. झेरॉक्सला कागद दिला की यंत्रापाशी उभे राहतात आणि शेवटी झाकण उचलून आत पाहतात, चुकून एखादा कागद राहिला का म्हणून. वर मलाच सांगतात, “धम्मरत्न, तुह्यावर भरोसा हाय. तुह्या मशीनवर नाही.”

पण हात सोन्याचे. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करणारी जी यंत्रं असतात, त्यांची दुरुस्ती हे त्यांचं काम. पावसाळ्यात जिनिंग बंद असते, तेव्हा रोलर बदलायचे, चाकू बसवायचे, यंत्रं खोलून पुन्हा उभी करायची. त्या दोन-तीन महिन्यांच्या कामावर त्यांचं वर्ष निघायचं.

२०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कपाशीची वाट लावली. पुढच्या पावसाळ्यात तालुक्यातले सगळे जिनिंगवाले “यंदा पाहू” म्हणू लागले. यंदा पाहू म्हणजे नाही, हे आपल्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. तालुक्याबाहेरचं काम मिळालं नाही तर वर्कशॉपला कुलूप लावून राजूरला, खाणीतल्या कोणा ठेकेदाराच्या हाताखाली राबायला जायचं, एवढंच उरलं होतं. तेही सत्तावन्नाव्या वर्षी.

त्यांची मुलगी शबाना पुण्यात एका कंपनीच्या विक्री खात्यात दोन वर्षं काढून नुकतीच घरी आली होती. तिनं माझ्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून घाटंजी, किनवट, आदिलाबादकडच्या चाळीस जिनिंगचे ईमेल पत्ते जमवले आणि एक सॉफ्टवेअर लावलं. त्यातून अब्बांच्या नावानं सगळ्यांना पत्र जाणार. पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर आपोआप दुसरं, आणखी पंधरा दिवसांनी तिसरं. उत्तर आलं की त्या माणसाला पत्रं बंद.

“म्हंजे मी इथं चहा पीत बसलो असन, अन् तिकडं माह्या नावानं पत्र जाईन?” गफ्फारभाईंचा चेहरा पाहण्यासारखा होता.

“हो, अब्बा.”

“हे सॉफ्टवेअरवाले आपली यादी दुसऱ्या फिटरले देत असतीन तं?”

शबानानं तिन्ही पत्रं वाचून दाखवली. तिसऱ्यात लिहिलं होतं, “मी दोनदा लिहिलं, आपलं उत्तर आलं नाही. आपल्याला गरज नाही असं समजून माझ्या यादीतून आपलं नाव काढत आहे.”

“असं कोणी लिहिते काय?”

“याच पत्राले सगळ्यात जास्त उत्तरं येतात, अब्बा. तिकडं आम्ही रोज पाठवायचो.”

त्यांना पटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरसमोरच्या माझ्या गिऱ्हाइकांकडंही ते वळून वळून पाहू लागले. मला राग यायचा. माझ्या दुकानात माझ्या गिऱ्हाइकांवर पहारा!

मग एक दिवस त्यांचा फोन वाजला. ते बोलत बोलत मागच्या कडुनिंबापाशी गेले, दहा मिनिटांनी आले. “कोणाचा?” मी विचारलं. “राँग नंबर,” म्हणाले. राँग नंबरवर दहा मिनिटं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

पोळा झाला तशी त्यांनी हत्यारांची पिशवी माझ्या मोटरसायकलला बांधली. “कुठं?” “चाल तं खरं.” पांढरकवडा मागं पडल्यावर कळलं की घाटंजीकडं चाललोय. तिथं पुंडलिकराव म्हणून एक जिनिंगवाले आहेत, त्यांची चोवीस यंत्रं आहेत, आणि पोळ्यानंतर या असं त्यांनी फोनवर पक्कं सांगितलंय.

आत गेलो तर यंत्रं खोललेली. दुसरेच दोन फिटर रोलर काढत होते.

पुंडलिकराव माणूस बरा. त्यांनी खुर्च्या मागवल्या, चहा सांगितला, आणि मोबाइल पुढं केला. “गफ्फारभाई, मी तुमाले सोता फोन केलता. या म्हनलं होतं. अन् तुमी लिहिता उत्तर आलं नाही, नाव काढून राह्यलो. मले वाटलं, दुसरं मोठं काम भेटलं असन.”

मी तोंड उघडणार होतो, की हे त्यांनी नाही, कॉम्प्युटरनं लिहिलंय. गफ्फारभाईंनी माझा गुडघा दाबला.

“नाव माहंच हाय खाली,” ते म्हणाले. “चूक माही हाय.”

आम्ही परत आलो. दुकानात शबाना होतीच, दोन-तीन गिऱ्हाइकंही होती.

“तुह्या मशीननं घात केला,” ते दारातूनच म्हणाले आणि झालं ते सांगितलं.

तिनं यादी उघडली. “त्यांचं उत्तर आलेलंच नाही, अब्बा.”

“फोन आलता.”

“कधी?”

“वीस दिवस झाले असतीन.”

“अन् मले काहून नाही सांगितलं?”

ते भिंतीकडं पाहू लागले. “वाटलं, तू ह्याच्यात टाकशीन, अन् हे कोनाले तरी सांगीन.”

“फोनचं ह्याले कुठून कळणार, अब्बा? मी टाकलं तरच ह्याले मालूम होते.” तिचा आवाज फाटला. “तुमचा भरोसा ह्याच्यावर नव्हता असं नाही. माह्यावर नव्हता.”

मला त्या माणसाचा जितका राग आला होता, तितकीच कीवही. मग शबानानंच विचारलं, “अजून कोणाचे फोन आलते?”

“दोन. एक आदिलाबादचा, एक किनवटचा.”

आदिलाबादच्या जिनिंगला तिसरं पत्र पोचलेलं होतं. गफ्फारभाईंनी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला, तीनदा. कोणी उचलला नाही. राहिली किनवटची. तो पत्ता शबानाला उशिरा सापडला होता, म्हणून त्याचं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जाणार होतं.

“नाव सांगा,” ती म्हणाली.

गफ्फारभाईंनी दुकानातल्या लोकांकडं एकदा पाहिलं. मग सगळ्यांसमोर, मोठ्यानं, मालकाचं नाव सांगितलं, जिनिंगचं नाव सांगितलं, फोन कधी आला, किती यंत्रं आहेत, कोणत्या दिवशी बोलावलंय, सगळं सांगितलं. शबाना एकेक गोष्ट टाइप करत होती. गालावरून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला ती थांबली नाही.