दोन पुढच्या बाजूंचं घर

टॅनर्स फोर्ड गावात लॉइड पेकमला पाठीमागे ‘चारफुट्या’ म्हणतात. तो स्वतः चांगला सहा फूट उंच आहे. गावच्या बांधकाम-नियमांच्या अपील मंडळावर त्याने उमेदीची वर्षं काढली, त्याची ही कमाई. ओहायोतल्या या गावात घरापुढचं कुंपण चार फुटांहून उंच चालत नाही, मागचं सहा फुटांपर्यंत चालतं, आणि फळ्यांची गुळगुळीत बाजू शेजाऱ्याकडे ठेवावी लागते. खांब-पट्ट्यांची ओबडधोबड बाजू ज्याची त्याने बघायची. यातून कुणाला सूट हवी असेल तर त्याने मंडळापुढे येऊन आपली अडचण सांगायची, आणि ती पुरेशी का नाही हे लॉइडने त्याला समजावून द्यायचं. हे काम बिनपगारी होतं. पोटासाठी तो पाण्याचे मीटर तपासायचा, पण ते काम आपण कधी एवढं मन लावून केलं नाही, असं तो स्वतःच सांगतो.

कोपऱ्यावरच्या घरवाल्यांसाठी त्याचं एक ठरलेलं भाषण होतं. घर दोन रस्त्यांना लागून असेल तर त्याला पुढच्या बाजू दोन. दार कुठल्या रस्त्याला आहे याच्याशी नियमाला घेणंदेणं नाही. दोन्हीकडे चार फूट, कारण वळणाऱ्या गाडीला पलीकडचं दिसायला हवं. हार्डवेअरच्या दुकानाचा मालक एल्मर श्राइबर याचं कोरं करकरीत कुंपण या भाषणाने वरून कापायला लावलं होतं. एल्मरने ते कापलं, आणि त्यानंतर लॉइड दुकानात आला की त्याला नेमकं शेवटी विचारायचं, हा शिरस्ता पाडला.

निवृत्तीनंतर लॉइड आणि त्याची बायको विनी लहान घरात राहायला गेली. घर चेस्टनट स्ट्रीट आणि मिल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. विनीने घरात कुत्री आणली, ग्रेहाउंड जातीची, शर्यतीतून बाद झालेली. नाव डचेस. आधीच्या घरी तिने चार फुटी कुंपण एका उडीत ओलांडून थेट हायवे गाठला होता. त्यामुळे कुत्री देणाऱ्या संस्थेची अट साफ होती: अंगणाला सहा फुटी कुंपण, नाहीतर कुत्री परत. विनीचे गुडघे गेलेले, तिला कुत्री फिरवता येत नव्हती. अंगणातच काय ते पळणं. दिवसभर विनी डचेसशी बोलायची. लॉइडशी बोलायची त्यापेक्षा बरंच जास्त, आणि लॉइडच्या मते उत्तरंही तिकडून बरी मिळायची.

कुंपणाचा नकाशा लॉइडने स्वतः काढला. घराचं दार चेस्टनट स्ट्रीटला, म्हणून मिल स्ट्रीटकडच्या हिरवळीवर त्याने वळणदार अक्षरात लिहिलं, ‘बाजूचं अंगण’. परवाने देणाऱ्या डॅनाने कागद उघडलासुद्धा नाही. “तुमचा नकाशा मी काय तपासणार, मिस्टर पेकम?” म्हणत तिने शिक्का मारला. लॉइडला ते योग्यच वाटलं.

कुंपण झकास झालं. सरळ, सहा फुटी, गुळगुळीत बाजू रस्त्याकडे. मग एका सकाळी त्या कोपऱ्यावर पोस्टाच्या गाडीने करकचून ब्रेक मारला. सायकलवरची मुलगी थोडक्यात वाचली. दुपारी डॅना दारात उभी.

“एक विचारू? रागावू नका.”

“विचार की.”

“तुमच्या घराला पुढच्या बाजू किती?”

भाषण आपोआप सुरू झालं. “हे बघ डॅना, घर दोन रस्त्यांना लागून असेल तर दार कुठे आहे याच्याशी नियमाला—” इथे लॉइडची नजर कुंपणावर गेली.

“थांबलास का?” विनीने आतून विचारलं. “तुझं ते भाषण एवढ्यात कधी संपत नाही.”

“आज श्रोता मीच निघालो,” लॉइड म्हणाला.

लॉइडने सूट मागणारा अर्ज केला, आणि सुनावणीला खुर्च्या कमी पडल्या. चारफुट्याची अडचण ऐकायला अर्धं गाव आलं होतं. एल्मर श्राइबर पहिल्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

“तुम्ही अर्जाच्या बाजूने बोलणार की विरोधात?” मंडळाची अध्यक्ष रोझलिन ट्रुएक्सने त्याला विचारलं.

“मी बोलणार नाही, बाई. नुसता बघायला आलोय.”

रोझलिनला हे काम लॉइडनेच शिकवलं होतं. तिने अडचण विचारली. लॉइडने कुत्रीचं सांगितलं. कुंपण कापलं तर कुत्री जाणार, कुत्री गेली तर बायको घरात एकटी पडणार. “म्हणजे मी असेन घरात,” त्याने जोडलं, “पण ते ती धरत नाही.” लोक हसले. विनी हसली नाही.

“पुढचा प्रश्न मला विचारावाच लागेल,” रोझलिन चाचरत म्हणाली. “ही अडचण तुम्ही स्वतः ओढवून घेतली आहे का?”

हा प्रश्न लॉइडचा लाडका. यावर त्याने किती अर्जदार गारद केले होते, याची त्याला कल्पना होती. तो उत्तर द्यायच्या आत एक सदस्य कनवाळूपणे मध्ये पडला. “परवाना तर कार्यालयाने दिला होता. चूक कार्यालयाची धरली, तर आपल्याला सूट देता येईल.”

सगळ्या माना डॅनाकडे वळल्या. ती भिंतीशी उभी होती, लालबुंद. लॉइडने नुसतं गप्प राहायचं होतं. विनीने त्याची बाही ओढून तेच सुचवलं.

“नकाशा मी काढला,” लॉइड म्हणाला. “तिने तो बघितला नाही, कारण लॉइड पेकमच्या नकाशात चूक नसते हे तिला पढवणाराही मीच. कार्यालयाची कसली चूक? अडचण मी ओढवून घेतली. अगदी मोजूनमापून, दोन रंगांच्या शाईत.”

अर्ज एकमताने फेटाळला गेला. बाहेर पायऱ्यांवर एल्मरने त्याला गाठलं.

“करवत देऊ का रे? माझ्याकडे आहे. असल्याच कामाला घेतली होती.”

गाडीत विनी म्हणाली, “तू नक्की कुणाच्या बाजूने गेला होतास?”

“सवय लागली आहे गं.”

“मग आता तुझ्या सवयीला माझ्याशी गप्पा मारायला बसव.”

एकच वाट उरली होती: कुंपण रस्त्यापासून पंचवीस फूट आत घ्यायचं. तिथे नियमाची ‘पुढची बाजू’ संपत होती आणि सहा फूट चालत होते. एल्मर करवत घेऊन हजर झाला, पण कापायचं नव्हतं, उपटायचं होतं. तेव्हा जरा हिरमुसून त्याने दुकानातून पहार आणली आणि चार दिवस खांब हलवू लागायला आला. हिरवळ बाहेर गेली. डचेसला उरली मागच्या दाराशी एक पट्टी, ओसरीहून थोडी मोठी.

संस्थेची बाई तपासणीला आली. उंचीवर तिने मान डोलावली, जागेवर नाही.

“ही पळणारी जात आहे. इथे ही फार तर वळेल.”

विनीने डचेसचा पट्टा घट्ट धरला होता.

“रोज दोनदा हिला लांब फिरवणार असाल, तर ठेवा,” बाई म्हणाली. “कोण नेईल?”

विनीने गुडघ्यांकडे पाहिलं, मग लॉइडकडे. लॉइडने आयुष्यभर मीटरच्या निमित्ताने पायपीट केली होती आणि निवृत्त होताना, आता गाडीपर्यंतच चालेन, असं सगळ्यांना सांगितलं होतं.

“मी,” तो म्हणाला.

“बर्फ पडला तर?”

“तुम्ही फार बारीक विचारता,” लॉइड म्हणाला. “बर्फातही मीच.”

बाईने सही केली. विनीने त्या दिवशी त्याच्याशी पुष्कळ बोलून घेतलं, बहुतेक कुत्रीला काय खायला द्यायचं नाही याबद्दल.

आता सकाळ-संध्याकाळ लॉइड दोरी धरून गावभर फिरतो. खरं तर डचेस फिरते, तो मागे खेचला जातो. तो दिसला की काही घरांतले लोक अजून पडदे सारतात. परवा ओक स्ट्रीटवर एका नव्या कुंपणापाशी तो उभा राहिला. घरापुढचं कुंपण, आणि ते चार फुटांहून उंच आहे हे त्याला टेप न लावताही कळलं. घरमालक हातातला कॉफीचा मग घेऊन धावत बाहेर आला.

“काय झालं, मिस्टर पेकम? काही चुकलं का?”

“छे, काही नाही,” लॉइड म्हणाला. “कुत्री थांबली म्हणून थांबलो.”

डचेस दोरी ताणून पार पुढच्या झाडाकडे ओढत होती.