दगडांच्या ढिगावरचा सबजा



रायगड-रत्नागिरीत पोलीस ठाणी सांभाळून निवृत्त झालो. घरी बसवेना, म्हणून कुवेतच्या उत्तरेकडल्या वाळवंटात एका कँपवर सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो. तिथे नवाश्मयुगातल्या कबरींचं उत्खनन चालू होतं. कबरी म्हणजे उघड्या माळावर रचलेले दगडांचे ढीग.

एका सकाळी मेंढपाळाने खबर दिली, की टोकाच्या ढिगाचे दगड कोणीतरी हलवलेत. मला पुराणवस्तूंच्या चोरीचा संशय आला. जाऊन पाहणी केली, तर फटीत पाणी घातलेली माती आणि तीत सबज्याची रोपं खोचलेली. कोकणातले मुसलमान नव्या कबरीवर सबजा लावतात, हे मी नोकरीत कितीदा पाहिलं होतं. चोरीचा विषय तिथेच मिटला. कँपवर कोकणातला एकच माणूस होता, आमचा श्रीवर्धनकडचा स्वयंपाकी.

आधी चहा पाजावा, मग विचारावं, ही माझी जुनी पद्धत. "कोण गेलं तुझं?" एवढंच विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. "पोरगी, साहेब. मेलेलीच झाली."

त्याची बायको कुवेत शहराजवळच्या रुमैथियात घरकामाला होती. मालकांच्या छळाला कंटाळून पळाली, तसा अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेला. पकडतील या भीतीने बाळंतपण जवळच्याच हवल्ली भागातल्या भाड्याच्या खोलीत उरकलं. परवाना नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय कबरस्तानात जागा नाही.

"वाळूत कुठंपन नाय पुरली मी," तो म्हणाला. "ती कबरच हाय ना? आत मानसं हायत. एकली नको पडाया."

तो ढीग लवकरच उघडला जाणार होता. गप्प बसलो असतो तर त्याच्यावर खुनाचा आळ आला असता. मी त्याला मखफरमध्ये, म्हणजे तिथल्या पोलीस ठाण्यात, नेलं. बायको आपणहून हजर झाली. शवविच्छेदनात मूल मृतच जन्मल्याचं सिद्ध झालं आणि खुनाचा संशय फिटला. पण दोघांना देशाबाहेर काढलं, आणि मुलीला सरकारने दुसरीकडे पुरलं. कुठे, ते खेटे घालूनही मला कळलं नाही.

जायच्या दिवशी बाईने विचारलं, "साहेब, तिला कुठं ठेवली?"

 

सत्य बाहेर आलं की निदान घरच्यांच्या पदरात काहीतरी पडतं, असं मी नोकरीभर मानत आलो. या प्रकरणात सत्य सापडलं, कायद्याप्रमाणे सगळं झालं. त्या बाईकडे लेकीची एक कबर होती, तेवढी गेली.