दुपारची पेज

नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालं तशी मी घरातली हवालदार झाले. दिवसभराचं पाणी सकाळी एका बाटलीत मोजून ठेवायचे. चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यातूनच वजा. खाऱ्याने तहान लागते म्हणून आमच्या मुलुंडच्या घरातून लोणचं आणि सुकट हद्दपार झाली. त्याच्यासमोर मीसुद्धा पाणी प्यायचे नाही. स्वयंपाकघरात जाऊन चोरासारखी प्यायचे.

तरी दर डायलिसिसआधी काट्यावर त्याचं वजन अंगात साठलेल्या पाण्याने भलतंच वाढलेलं असायचं. "माझं माप चुकतंय का रे?" मी विचारायचे. तो म्हणायचा, "असेल." असेल! मग मी बाटली आणखी कमी भरायचे.

माझी किडनी त्याला जुळली होती. पण ऑपरेशनच्या तपासण्यांत त्याचं हृदय मोठं झालेलं निघालं. डॉक्टरांनी समजावलं, हृदयाच्या पेशींत शक्ती तयार करणारे इवलेसे भाग असतात, मायटोकॉन्ड्रिया. किडनीच्या आजारात तेच थकतात, आणि त्यात अंगात साठलेल्या पाण्याचा भार पडला की हृदय ताणत जातं. पाणी आटोक्यात येईपर्यंत ऑपरेशन नाही. मी वेड्यासारखी माझ्या बाटलीचं सांगत बसले. शेजारी नवरा स्वतःची नखं बघत होता.

त्याच आठवड्यात डोकं दुखतं म्हणून मी पवईच्या ऑफिसातून दुपारीच घरी आले. आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई त्याच्यासमोर बसल्या होत्या आणि तो वाडगा तोंडाला लावून पेज पीत होता. उकड्या तांदळाची, पातळ. दुसरा वाडगा भरून तयार होता.

"मियां पाणी खंय दिलंय?" सासूबाई मलाच म्हणाल्या. "पेज ती. माझ्या झिलाक उपाशी ठेवू?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांच्याकडे तापापासून बाळंतपणापर्यंत सगळ्याला पेजच. त्यांच्यावर मी किती रागावणार? पण त्याला सगळं ठाऊक होतं.

"रोज पितोस?"

"आईचं मन मोडवत नाही गं."

"आणि मी? मी आपली माप तपासत बसले!"

"तू चिडली असतीस यार."

इतकी चिडले होते की रडूही येईना. ज्याच्यासाठी मी पोट फाडून घ्यायला निघाले होते, त्याने मला सरळ मूर्खात काढलं होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "किडनी द्यायची तयारी आहे ना अजून?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांकडे बघून हो म्हटलं. बाहेर पडताना त्याने माझा हात धरायला हात पुढे केला. तो मी धरला नाही.